चार ज्वाळा, शंभर डॅमेज : बेस सेटमधला चॅरिझार्ड

पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळाच्या बेस सेटमधलं, म्हणजे पहिल्या संचातलं, चॅरिझार्ड या आग ओकणाऱ्या प्राण्याचं कार्ड, क्रमांक ४/१०२, हे खेळात जिंकून देणारं सगळ्यात भारी कार्ड नाही. ते १९९९ मध्येही नव्हतं. तरीही चित्र, आकडे आणि नियम हे तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात असं दुसरं कार्ड मला या खेळात सापडलेलं नाही. पुण्यात प्रीप्रेस आणि ऑफसेटच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी हे म्हणतोय. ती एक गोष्ट अशी की आगीला जळण लागतं. हे कार्ड जळण मागतं, ते आपल्या डोळ्यांसमोर संपवतं आणि त्याच्या बदल्यात शंभर डॅमेज, म्हणजे समोरच्याला शंभराची इजा, देतं.

माझ्याकडची प्रत मूळ भाच्याची. ताई आणि भाऊजी सिएटलजवळ राहायचे तेव्हा तो तिथे शाळेत होता, आणि तेव्हा इंग्रजी कार्डं काढणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी त्याच भागातल्या रेंटन गावची. जपानात हा खेळ मीडिया फॅक्टरीने २० ऑक्टोबर १९९६ रोजी आणला होता. इंग्रजी बेस सेट निघाला ९ जानेवारी १९९९ ला. भाचा मागे सुट्टीवर आला तेव्हा त्याने आपली जुनी फाइल सोबत आणली, मला खेळ शिकवला आणि जाताना म्हणाला, "मामा, तू छपाईवाला. हे तुझ्याकडेच राहू दे." कार्ड साध्या अनलिमिटेड, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतरच्या नेहमीच्या छपाईचं आहे. कोपरे पांढरे पडलेत, फॉइलवर बारीक चरे आहेत. शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळलं गेलेलं कार्ड आहे ते, आणि परीक्षण करायला मला असंच हवं होतं.

आधी मांडणी बघू. कार्डाचा आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर. एवढ्या जागेत काय काय बसवलंय ते नुसतं मोजलं तरी त्या मांडणीकाराबद्दल आदर वाटतो. वर नाव, शेजारी लाल अक्षरांत १२० एचपी (एवढं डॅमेज झालं की तो पडतो), त्यापुढे आगीचं चिन्ह. डाव्या कोपऱ्यात हा दुसऱ्या टप्प्याचा पोकेमॉन असल्याची खूण आणि त्याखाली नखाएवढ्या चौकटीत चार्मेलियनचं चित्र, कारण हे कार्ड चार्मेलियनवरच ठेवायचं असतं. मग मोठं चित्र. चित्राखालच्या पट्टीत जात, उंची पाच फूट सात इंच, वजन दोनशे पाउंड. त्याखाली पोकेमॉन पॉवर, त्याखाली अटॅक. तळाला वीकनेस पाण्याची (पाण्याचा मार दुप्पट), रेझिस्टन्स फायटिंगला तीस (लढवय्यांचा मार तीसने कमी), रिट्रीटला, म्हणजे मागे हटायला, तीन एनर्जी (पोकेमॉनला लावायची जळणाची कार्डं). सर्वांत खाली दोन ओळींचं वर्णन : याच्या तोंडची आग शिळा वितळवते, आणि कधीकधी नकळत जंगलंही पेटवते. मग चित्रकार मित्सुहिरो आरिता यांचं नाव, क्रमांक आणि दुर्मीळ असल्याचा काळा तारा.

हे सगळं असूनही कार्ड कोंदटलेलं वाटत नाही, याचं कारण डोळा कुठून कुठे जाणार हे आधी ठरवलेलं आहे. नाव, चित्र, मग उजवीकडचा १०० हा आकडा. खेळणारं पोर हे तीन थांबे घेतं आणि त्याला कार्ड समजतं. बाकीचा मजकूर गरज पडली की वाचायचा. आमच्याकडे व्हिजिटिंग कार्डावर तीन फोन नंबर, दोन पत्ते आणि देवाचा फोटो एकाच आकारात हवा म्हणणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना मी हे कार्ड दाखवतो.

आता अटॅक. नाव फायर स्पिन. डावीकडे आगीची चार चिन्हं एका ओळीत, उजवीकडे १००. मध्ये अट : हा अटॅक वापरायचा तर चॅरिझार्डला लावलेली दोन एनर्जी कार्डं टाकून द्यायची. बेस सेटमध्ये एकावेळी शंभरचा फटका मारणारी कार्डं जवळपास नाहीतच. पाण्याचा ब्लास्टॉइज आणि गवताचा व्हीनसॉर या दोघांचेही एचपी शंभर. म्हणजे समोर यांच्यापैकी कुणीही ताजातवाना, एकही जखम न झालेला उभा असला, तरी एका फायर स्पिनमध्ये तो आडवा. हा शंभरचा आकडा नेम धरून लिहिलेला आहे.

पण तिथवर पोचायचं कसं? या खेळात एका पाळीत हातातलं एकच एनर्जी कार्ड लावता येतं. साध्या ज्वाळांनी, म्हणजे आगीच्या एनर्जी कार्डांनी, गेलात तर चार पाळ्या नुसत्या जळण रचण्यात जातात. अटॅक मारला की चारातली दोन कार्डं गेली, दोन उरली. पुढच्या पाळीला तीन होतात, त्याच्या पुढच्या पाळीला चार. म्हणजे साध्या ज्वाळांवर चॅरिझार्ड एकाआड एक पाळीलाच फुंकर घालतो. मधल्या पाळीत तो नुसता उभा असतो आणि समोरचा त्याला मारत असतो. त्या रिकाम्या पाळीत बसलेल्या खेळाडूचा चेहरा बघायला मला फार आवडतं. सगळी ताकद आहे, जळण नाही.

हे टेबलावर कसं दिसतं तेही सांगतो, कारण अर्धं डिझाइन तिथे आहे. एनर्जीची कार्डं पोकेमॉनच्या खाली सरकवून ठेवायची, त्यांची कड बाहेर दिसत राहते. चार कार्डं खालून डोकावत असतात तेव्हा चॅरिझार्ड भरलेला दिसतो. अटॅक जाहीर केला की त्यातली दोन हाताने ओढून टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात टाकावी लागतात. खर्च बोटांना जाणवतो. संगणकावरच्या खेळात हेच काम एक आकडा कमी करून होतं आणि मग कुणाला काही वाटत नाही.

हा गुण चॅरिझार्डच्या घराण्यातच आहे. पन्नास एचपीचा चार्मँडर एम्बर मारतो, ३० डॅमेज, त्याला आगीचं एक एनर्जी कार्ड जातं. ऐंशी एचपीचा चार्मेलियन फ्लेमथ्रोअर मारतो, ५० डॅमेज, त्यालाही एक जातं. तिसऱ्याला दोन. पोर वाढतं तशी भूक वाढते. तिन्ही चित्रं आरितांचीच आहेत, त्यामुळे लहानपणापासूनचा तो एकच प्राणी वाटतो.

शेजारच्या दोन घराण्यांशी ताडून बघितलं की खेळ रचणाऱ्यांनी किती विचार केला होता ते कळतं. ब्लास्टॉइजची पॉवर रेन डान्स : हातात असतील तेवढी पाण्याची एनर्जी कार्डं एकाच पाळीत पाण्याच्या पोकेमॉनना लावा. त्याचा हायड्रो पंप काहीच टाकून द्यायला सांगत नाही, उलट जादा पाणी असेल तर चाळीसचे साठ होतात. व्हीनसॉरची एनर्जी ट्रान्स : गवताची एनर्जी एका पोकेमॉनवरून दुसऱ्यावर हवी तितक्या वेळा हलवा. पाणी साठतं, झाडात रस फिरतो, आग खाऊन टाकते. तीन प्राण्यांचे स्वभाव त्यांच्या एनर्जीशी असलेल्या वागणुकीतून दाखवलेत. शाळेतल्या पोराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. चार डाव खेळला की ते त्याच्या अंगात मुरतं.

पोकेमॉन पॉवरबद्दल लोक फार कमी बोलतात, म्हणून इथे जरा थांबतो. तिचं नाव एनर्जी बर्न. अटॅकच्या आधी, आपल्या पाळीत केव्हाही, चॅरिझार्डला लावलेली सगळी एनर्जी त्या पाळीपुरती आगीची धरायची. पाण्याची असो, गवताची असो, विजेची असो. भाच्याचे मित्र म्हणायचे की ही पॉवर निरुपयोगी आहे, आगीच्या डेकमध्ये (खेळाडूच्या पत्त्यांच्या जुडीत) आगीचीच एनर्जी असते. मला हे पटत नाही. एक तर कल्पना म्हणून ती चोख आहे : आगीत काहीही टाका, त्याची आगच होते. आणि दुसरं, खेळात तिचा खरा जोडीदार आहे डबल कलरलेस एनर्जी, कार्ड क्रमांक ९६. हे एक कार्ड दोन बिनरंगी एनर्जी देतं. इतर कुठल्याही आगीच्या पोकेमॉनवर त्या दोन बिनरंगीच राहतात. चॅरिझार्डवर त्या दोन ज्वाळा होतात.

इथून हिशेब रंगतो. पहिल्या पाळीला चार्मँडरवर एक साधी ज्वाळा लावा. दुसऱ्या पाळीला चार्मेलियन करा आणि एक डबल कलरलेस लावा. तिसऱ्या पाळीला चॅरिझार्ड करा, एक साधी ज्वाळा लावा. तीन कार्डं, चार ज्वाळा, फायर स्पिन तयार. आता अटीत शब्द आहेत "दोन एनर्जी कार्डं". ती कुठली हे तुम्ही ठरवायचं. दोन साध्या ज्वाळा टाका, डबल कलरलेस राखा. पुढच्या पाळीला दुसरी डबल कलरलेस लावली की दोन कार्डांवर पुन्हा चार ज्वाळा झाल्या आणि लागोपाठ दुसरा फायर स्पिन बसला. त्यानंतर मात्र दोन्ही कार्डं जातात आणि चॅरिझार्ड पूर्ण रिकामा होतो. शंभर आणि शंभर, मग राख. डेकमध्ये डबल कलरलेस चारच ठेवता येतात, तेव्हा ही चैन मोजकीच.

पोकेमॉन ब्रीडर हे ट्रेनर (मदतीचं) कार्ड हातात असेल तर चार्मँडरवर थेट चॅरिझार्ड बसवता येतो. दोन पाळ्यांत दोन डबल कलरलेस आल्या तर दुसऱ्याच पाळीला शंभर डॅमेज होतं. असा डाव क्वचित जमतो. जमला की समोरच्याला एक प्राइझ कार्ड (पोकेमॉन पाडल्याचं बक्षीस) आपल्याला मिळाल्याचं दुःख होण्याआधी धक्काच बसतो.

मग हे कार्ड स्पर्धांमध्ये मागे का पडलं? उत्तर बेस सेटमध्येच छापलेलं आहे. एनर्जी रिमूव्हल नावाचं ट्रेनर कार्ड समोरच्याच्या कुठल्याही पोकेमॉनवरचं एक एनर्जी कार्ड काढून टाकतं. ते सहज मिळायचं, पाकिटापाकिटात निघायचं. त्याचा मोठा भाऊ सुपर एनर्जी रिमूव्हल आपली एक एनर्जी देऊन समोरच्याची दोनपर्यंत कार्डं उडवतो. ट्रेनर कार्डं एका पाळीत हवी तितकी खेळता यायची. म्हणजे तुम्ही तीन पाळ्या रचलेलं जळण समोरचा एका क्षणात विझवणार, आणि त्यात डबल कलरलेस गेली तर एका कार्डात दोन ज्वाळा गेल्या. ज्याचा एकमेव अटॅक चार एनर्जीचा आहे त्याला हा मार सोसवत नाही. त्या वेळी जिंकणारा डेक होता हेमेकर : हिटमॉनचॅन आणि इलेक्टाबझ, दोघेही सत्तर एचपीचे बेसिक (थेट हातातून मांडता येणारे) पोकेमॉन, एका एनर्जीत कामाला लागणारे. हिटमॉनचॅनचा जॅब एका एनर्जीत वीस डॅमेज करतो.

गंमत अशी की उभ्या राहिलेल्या चॅरिझार्डसमोर हाच हिटमॉनचॅन हतबल आहे. फायटिंगला तीसचा रेझिस्टन्स असल्याने जॅबचे वीस शून्य होतात आणि स्पेशल पंचचे चाळीस दहा. पंख असलेल्या प्राण्याला जमिनीवरचा मुष्टियोद्धा काय करणार, हे त्या तळाच्या छोट्या चिन्हात लिहिलेलं आहे. पण तिथवर पोचायचं तर चार्मँडर जगायला हवा, आणि त्याला हा रेझिस्टन्स नाही. पन्नास एचपी, तीन जॅब. चॅरिझार्डचा पराभव बहुतेक वेळा त्याच्या लहानपणातच होतो. पुढे ऑक्टोबर १९९९ मध्ये फॉसिल संच आला आणि त्यातल्या मकच्या टॉक्सिक गॅसने सगळ्याच पोकेमॉन पॉवर बंद पाडल्या. मग चॅरिझार्डवरची डबल कलरलेस नुसती बिनरंगी राहिली.

आणि पाणी. हायड्रो पंपाचा कमाल आकडा साठ. चॅरिझार्डची वीकनेस पाण्याची, म्हणून दुप्पट, एकशेवीस. चॅरिझार्डचे एचपी एकशेवीस. उलट बाजूने फायर स्पिनचे शंभर, ब्लास्टॉइजचे एचपी शंभर. दोघे समोरासमोर पूर्ण भरून उभे राहिले तर ज्याची पाळी आधी तो एका फटक्यात जिंकला. एकाही डॅमेजची खोट दोन्हीकडे नाही. हे आकडे जुळवणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं.

आता छपाई, म्हणजे माझं घर. फॉइल फक्त चित्राच्या चौकटीत आहे. चॅरिझार्डच्या शरीराखाली पांढऱ्या शाईचा थर देऊन फॉइल झाकलंय, त्यामुळे प्राणी घट्ट, मॅट राहतो आणि त्याच्या मागची आग तेवढी चमकते. कार्ड हातात कलतं केलं की नारिंगी-पिवळ्या ज्वाळांमधून चांदण्यांसारखे ठिपके सरकतात, आणि हिरवट-निळ्या पंखांचा तो प्राणी त्यांच्यापुढे स्थिर उभा राहतो. आजच्या कार्डांवर फॉइल कडेपासून कडेपर्यंत असतं, वर उठावाच्या रेषा असतात. तंत्र म्हणून ते पुष्कळ पुढे गेलंय. पण कुठे चमकायचं नाही हे ठरवायला जास्त समज लागते. आरितांनी पंख चौकटीच्या कडांपर्यंत ताणलेत, मागची आग भोवऱ्यासारखी फिरती ठेवली आहे, आणि खालच्या अटॅकचं नावही तेच सांगतं. चित्रकाराने अटॅक चितारला की अटॅक चित्रावरून बेतला, दोन्ही बाजूंनी वाचलं तरी बसतं.

बेस सेटच्या छपाया ओळखणं हा संग्राहकांचा आवडता विषय. पहिल्या आवृत्तीवर चित्राच्या डाव्या बाजूला खाली १ चा काळा शिक्का असतो. त्या आणि त्यानंतरच्या थोड्या कार्डांवर चित्राच्या चौकटीला उजवीकडची सावली नाही, म्हणून त्यांना शॅडोलेस म्हणतात. त्यांचे रंग फिकट आहेत, एचपीची अक्षरं बारीक आहेत. अनलिमिटेडमध्ये सावली आली आणि रंग गडद झाले. बाजारात शॅडोलेसला मान फार. किमतीचं सोडा, मला अनलिमिटेड जास्त आवडतं. ती बारीकशी सावली चित्राला चौकटीच्या आत खोल बसवते आणि शरीराचा नारिंगी रंग मागच्या ज्वाळांवर नीट उठून दिसतो. शॅडोलेसमध्ये तेच चित्र कागदाच्या पातळीवर चिकटवल्यासारखं वाटतं.

दोष दोन आहेत, दोन्ही छपाईवाल्याला लगेच दिसतात. पिवळी बॉर्डर कटिंगची चूक लपवत नाही. माझ्या प्रतीत डावी पट्टी उजवीपेक्षा जाड आहे, आणि चारी बाजूंनी सारखी बॉर्डर असलेलं कुठलंही डिझाइन हा धोका पत्करतंच. दुसरा दोष मागच्या बाजूला. गडद निळा रंग थेट कडेपर्यंत नेलाय, त्यामुळे किंचित घासलं की आतला पांढरा कागद दिसतो. पोरांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला हे बरं नाही. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल : इंग्रजी कार्डांची ही मागची बाजू आजतागायत तीच ठेवली आहे, म्हणून १९९९ चं आणि आजचं कार्ड एकाच डेकमध्ये पालथं ठेवलं तर वेगळं कळत नाही.

किमतीबद्दल. मार्च २०२२ मध्ये पहिल्या आवृत्तीचं, पीएसए या संस्थेने दहापैकी दहा दर्जा दिलेलं चॅरिझार्ड ४ लाख २० हजार डॉलरला विकलं गेलं. दर्जा ठरवताना कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का हे बघतात. माझ्या धंद्याच्याच कसोट्या आहेत या आणि त्यांचा मला आदर आहे. पण असं कार्ड कायमचं जाड प्लास्टिकमध्ये बंद होतं. त्याच्याखाली कधी कुणी चार ज्वाळा सरकवणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खेळण्यासाठी नवा चॅरिझार्ड हवा असेल तर ११ ऑगस्ट २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चॅरिझार्ड ईएक्स, १२५/१९७, बघा. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. जुन्याच्या एकेका तक्रारीला नव्याने उत्तर दिलंय. जळण रचायला वेळ जातो? नव्याची इन्फर्नल रेन ही क्षमता, हातातून तो उत्क्रांत होताच, डेकमधून आगीची तीनपर्यंत एनर्जी कार्डं शोधून आपल्या पोकेमॉनना हवी तशी लावू देते. चार एनर्जी फार? बर्निंग डार्कनेसला दोन पुरतात. टाकून द्यायचं काही? काहीच नाही. मुळात १८० डॅमेज आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझ कार्डामागे ३० जादा. पाच प्राइझ गेली असतील तर ३३०, आणि याचे स्वतःचे एचपीही ३३०. जुळणारे आकडे ठेवायची खोड तशीच आहे हे पाहून मला फार बरं वाटलं. वर तो टेरा प्रकारचा, त्यामुळे बेंचवर (मागच्या राखीव रांगेत) बसलेला असताना त्याला अटॅकचं डॅमेज होत नाही. पाडला गेला तर समोरच्याला दोन प्राइझ मिळतात, एवढीच काय ती किंमत. त्याच संचातल्या पिजॉट ईएक्सच्या जोडीला, जो दर पाळीला डेकमधलं हवं ते एक कार्ड काढून देतो, हा डेक स्पर्धांमध्ये दीर्घकाळ टिकला.

यंत्र म्हणून नवं कार्ड उत्तम आहे. मागे पडलेल्याला अंगात येतं, ही कल्पनाही नाट्यमय आहे. पण तो डार्कनेस प्रकारचा असून अटॅकला आगीची एनर्जी मागतो, वीकनेस गवताची आहे, डोक्यावर स्फटिक आहे, आणि हे सगळं का, हे कार्डाकडे बघून कळत नाही. नियम आधी माहीत असावे लागतात. फाइव्हबॅन ग्राफिक्सचं चित्र चकचकीत आहे, त्यात आग कुठे जाते, काय जाळते, हे दिसत नाही. त्याच संचातलं २२३/१९७ हे अकिरा एगावांच्या हातचं, अख्ख्या कार्डभर पसरलेलं चित्र याहून कितीतरी सरस आहे, आणि नव्यातलं एकच घ्यायचं तर मी ते घेईन. मार्च २०२३ पासून इंग्रजी कार्डांची बॉर्डर पिवळ्याची राखाडी झाली. राखाडी रंग चित्राच्या आड येत नाही, तो बदल मला पूर्ण मान्य आहे.

घ्यायचं असेल त्यांच्यासाठी. जुनंच हवं आणि खेळायचं आहे, तर कोपरे गेलेलं अनलिमिटेड शोधा, किंवा फेब्रुवारी २००० च्या बेस सेट २ मधलं ४/१३०. चित्र तेच, मजकूर तोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त आलेल्या सेलिब्रेशन्स संचातही हे कार्ड पुन्हा छापलंय, चित्रात पंचविशीचा छोटा शिक्का घालून. त्याची पाकिटं चारच कार्डांची होती, त्यामुळे सुटं कार्ड घेणंच परवडतं.

आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत आणि जत्रेत सोनेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात, ती सगळी बनावट. कागदी बनावटही पुष्कळ आहेत आणि काही चांगली जमलेली आहेत. दहापट भिंग घ्या आणि काळा मजकूर बघा. अस्सल कार्डावर काळी अक्षरं एकसंध, धारदार कडांची असतात, कारण काळ्याची प्लेट थेट अक्षरांवरून निघालेली असते. बनावट कार्ड स्कॅन करून छापतात, त्यामुळे अक्षरांतही चार रंगांचे ठिपके सापडतात. मग कड बघा : दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये गडद बारीक रेषा दिसायला हवी. किंमत मोठी असेल तर एवढ्यावर विसंबू नका, जाणकाराला दाखवा.

घरी खेळायचं तर एक सुचवतो. दोन्ही डेकमधून एनर्जी रिमूव्हल आणि सुपर एनर्जी रिमूव्हल काढून टाका. भाचा आणि मी तसंच खेळतो, तो ब्लास्टॉइज घेतो आणि मी चॅरिझार्ड. त्या एका बदलाने हे कार्ड कागदावर जसं दिसतं तसं टेबलावर चालतं. चार चार्मँडर ठेवा, तीन चॅरिझार्ड, ब्रीडर तीन, डबल कलरलेस चारही. चार्मँडर पहिल्याच पाळीला पुढे पाठवू नका, बेंचवर बसवून जळण तिथेच लावा. कार्ड स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) घाला, स्लीव्ह मागून अपारदर्शक घ्या. आणि पहिला फायर स्पिन मारताना साध्या ज्वाळा आधी टाका.